दुकान बदलायचं की नाही? किराण्यावरून आमच्या घरात पडलेले दोन तट

मीठमोहरी

नमस्कार मंडळी. घरातला एक वाद इथे मांडते आहे, कारण घरी आम्ही दोघंही आता तेच तेच बोलतोय.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. मी, नवरा, पाचवीतला मुलगा आणि साबा (सासूबाई). लग्न झाल्यापासून आमचा किराणा इमारतीजवळच्या एका मध्यम सुपरमार्केटातून येतो. यादी फोनवर पाठवली की संध्याकाळी दुकानातला मुलगा सामान घरपोच आणतो. एखादी वस्तू खराब निघाली तर कुरकुर न करता बदलून मिळते. मी लोकलने ठाण्याला जाऊन येऊन नोकरी करते, त्यामुळे ही सोय माझ्यासाठी फार मोठी आहे.

यंदा मोठं घर घेतलं, हप्ता सुरू झाला आणि नवऱ्याने खर्चाची वही उघडली. किराण्याला महिन्याला साधारण दहा-अकरा हजार जातात. त्याचं म्हणणं, सगळा किराणा मोठ्या सवलतीच्या मार्टमधून आणायचा, दोन हजार तरी वाचतील. हे मार्ट रिक्षाच्या अंतरावर आहे.

माझे आक्षेप तीन. रविवारची सकाळ जाते. साबांना लागतो तो जुना कोलम आणि आमची तूरडाळ तिथे तशी मिळत नाही. आणि तिसरा सगळ्यात मोठा, तिथे गेलं की ढकलगाडी भरते.

मागच्या वेळी आम्ही तिकडूनच सामान आणलं. त्याने पावती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि तळाशी छापलेल्या 'एकूण बचत' या ओळीवर बोट ठेवलं. मी पेन घेऊन त्याच पावतीवर झाकणांच्या डब्यांचा संच, एक चादर, मुलाची दोन चॉकलेटं आणि नाचोजचं मोठं पाकीट यांना गोल केले. यातलं काहीही यादीत नव्हतं. तो म्हणाला, "डबे लागणारच होते." मी म्हणाले, "कधी?" आणि मग जे व्हायचं ते झालं.

मला कोण जिंकलं ते नको आहे. खरी बचत किती होते हे दोघांनाही पटेल अशा रीतीने मोजायचं कसं, ते सांगा.

ठाणेकरीण

आमच्याकडे हेच, फक्त बाजू उलट्या. मला बदलायचं आहे आणि अहोंना चहापासून साबणापर्यंत त्याच दुकानातलं तेच हवं. वाचते आहे.

गोदामातला

मी काही वर्षं किरकोळ विक्रीच्या क्षेत्रात खरेदी विभागात होतो. आतून हे कसं चालतं ते लिहितो, म्हणजे मोजणं सोपं जाईल.

सवलतीची मोठी दुकानं स्वस्त देतात ते खरं असतं, त्यात फसवणूक नाही. डीमार्टचंच बघा. पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला निघालं. बहुतेक दुकानांची जागा स्वतःची, त्यामुळे भाड्याचं ओझं नाही. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. एका वस्तूचे पंधरा प्रकार ठेवायचे नाहीत, जो खपतो तोच ठेवायचा. माल झटपट हलतो, म्हणून थोड्या नफ्यातही भागतं. (डीमार्टचे संस्थापक दमाणी यांनी त्याआधी नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवली होती. अपना बाजार १९४८ साली नायगावात कामगारांचं सहकारी भांडार म्हणून सुरू झालं, तिथपर्यंत हा धागा मागे जातो, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे.)

आता दुसरी बाजू. साखर, तेल, डाळ, आटा यांत दुकानाला सुटतं फार थोडं. गिऱ्हाईक यांच्या भावावर दुकान ठरवतं, म्हणून हे भाव खाली ठेवतात. कपडे, चादरी, प्लॅस्टिकची भांडी, शोभेच्या वस्तू यांत सुटतं बरंच जास्त. तुमच्या पावतीवरचे गोल बरोबर त्याच मालावर पडलेत. तुमच्या यजमानांची वाचलेली रक्कम खरी आहे आणि तुमचे गोलही खरे आहेत. दोघं एकाच पावतीचे दोन वेगळे भाग वाचताय.

आणि 'एकूण बचत' ही ओळ विसरा. ती छापील कमाल किमतीतून विक्री किंमत वजा करून येते. तुमचं जवळचं दुकानसुद्धा बऱ्याच वस्तू छापील किमतीच्या खाली देत असेल. तुलना या दुकानाचा भाव आणि त्या दुकानाचा भाव यांची करायची, छापील किमतीशी नाही.

नऊसतराची_लोकल

गोदामातला यांच्याशी शंभर टक्के सहमत. एक भर घालतो. पाकिटाची किंमत बघू नका, किलोचा किंवा लिटरचा भाव बघा. पाकिटांवर हल्ली प्रति ग्रॅम, प्रति मिली भाव छापलेला असतो, बारीक अक्षरात असतो पण असतो. तेलात तर हे केलंच पाहिजे. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. पण बाजारात ८००, ७५० ग्रॅमच्याही पिशव्या आहेत, आणि शेजारी ठेवल्या तर चटकन फरक कळत नाही. समजा ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना आहे आणि ७५० ग्रॅमची १२९ला. हात १२९कडे जातो. किलोचा भाव काढला तर पहिली १६५च्या आत बसते आणि दुसरी १७२ला पडते.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हेही गृहीत धरू नका. प्रत्येक वेळी भाग देऊन बघा.

सांगलीची_हळद

मला हा सगळा हिशोब वाचून थोडं वाईट वाटतंय, म्हणून लिहिते.

२०२०च्या टाळेबंदीत आमच्या घरी दोन म्हातारी माणसं होती आणि आम्ही दोघं आजारी. मोठ्या दुकानांबाहेर रांगा, ऑनलाइनवाल्यांच्या वेळा मिळत नव्हत्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दाराशी पिशव्या ठेवल्या आणि "पैसे बरे झाल्यावर द्या" म्हणाला. वहीत लिहून ठेवलं, एवढंच. महिनाअखेरीला पगार लांबला तरी तो कधी तोंड वाकडं करत नाही. ही उधारी बिनव्याजी असते. तिची किंमत कुठल्या पावतीवर येते?

मीठमोहरी, तुमचं दुकान अशा अडचणीत उभं राहणारं असेल तर ते पैशांत मोजू नका.

केळीचं_पान

हळद, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण मी यजमानांच्या बाजूने बोलणार. हप्ता डोक्यावर असताना महिन्याला दोन हजार म्हणजे वर्षाला चोवीस हजार. आमच्यासारख्या घरात मुलाच्या क्लासची फी त्यातून निघते. दुकानदार चांगला आहे म्हणून आपण दर महिन्याला जास्तीचे पैसे द्यायचे, हे परवडणाऱ्यांनी करावं. आणि रविवार जातो ही तक्रार मला पटली नाही. रविवारी सकाळी आपण एरवी काय करतो?

मीठमोहरी

@केळीचं_पान, एरवी काय करतो ते सांगते. रविवारी सकाळी मी आठवड्याची वाटणं करते, भाज्या निवडून ठेवते, साबांना डोक्याला तेल लावून न्हाऊ घालते. मार्टला गेलं तर हे सगळं दुपारी होतं आणि माझी दुपार जाते. नवऱ्याची जात नाही.

आणि घरी आल्यावर? तो पिशव्या तिसऱ्या मजल्यावर आणतो, हे कष्टाचं काम आहे, नाकारत नाही. पण पुढे डाळी डब्यांत भरायच्या, जुनं पुढे आणि नवं मागे लावायचं, काय संपत आलंय ते लक्षात ठेवायचं, यादी करायची. हे सगळं माझ्या डोक्यात असतं. जवळच्या दुकानातून थोडं थोडं येतं तेव्हा हे काम अंगावर येत नाही.

पिठाची_गिरणी

मीठमोहरी यांनी आत्ता जे लिहिलं तिथेच खरं भांडण आहे असं मला वाटतं. दुकानाचं भांडण वरवरचं आहे.

आमच्याकडे हे गेल्या वर्षी झालं. मी नवरा आहे, आणि दुकान बदलायचा आग्रह माझा होता. बायको म्हणाली, "बदलू या. पण यादीपासून डबे भरण्यापर्यंत सगळं तू करायचं." मी घेतलं. किती बारीकसारीक गोष्टी डोक्यात ठेवाव्या लागतात हे मला तेव्हा कळलं. हिंग संपायला आलाय, पोह्यांना किडे लागतील म्हणून पावसाळ्यात कमी आणायचे, रवा भाजून ठेवायचा, उपासाचा साबुदाणा वेगळा. आज आमच्या घरी किराणा पूर्णपणे माझं खातं आहे. बचत झाली का? हो, झाली. पण ती मार्टमुळे किती आणि घरात काय आहे ते बघून यादी करायला लागल्यामुळे किती, हे मी प्रामाणिकपणे वेगळं करू शकत नाही. माझा अंदाज, यादीमुळे जास्त.

म्हणून माझं स्पष्ट मत: ज्याला बदल हवा आहे त्याने त्या बदलाचं काम अंगावर घ्यायचं. निम्मं नाही, सगळं.

ठाणेकरीण

+१. पिठाची_गिरणी, प्रतिसाद अहोंना वाचून दाखवला.

भुसारबाजार

आमचा मार्ग वेगळा, पण पुण्यात अजून बरीच घरं हे करतात. वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरायचं. मार्केट यार्डातल्या भुसार विभागात जाऊन गहू, तांदूळ, डाळी एकदम घेतो. आम्ही तीन घरं मिळून जातो म्हणजे पोती फोडून वाटून घेता येतात आणि टेम्पोचं भाडंही वाटलं जातं. नवा माल आलेला असतो तेव्हा निवड चांगली मिळते, दाणा हातात घेऊन बघता येतो.

पण कष्ट आहेत. गहू चाळून, निवडून, कडक उन्हात वाळवायचा. तूरडाळीला तळहातावर थोडं एरंडेल घेऊन ते चोळायचं, प्रत्येक दाण्याला चकाकी आली पाहिजे पण डाळ ओली दिसता कामा नये. हे माझी आई करते आणि तिच्या हाताला ते प्रमाण माहीत आहे. डब्यात कडुनिंबाचा वाळवलेला पाला. आणि उन्हातून आणलेलं धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याला झाकण लावायचं नाही, नाहीतर आत वाफ धरते आणि सगळं वाया जातं.

आमच्या घरात यावरूनही भांडण होतंच. बायकोचं म्हणणं, दोन खोल्यांच्या घरात एक भिंत कोठ्यांनी अडवली. तिचं चूक नाही. पुण्यात जागेचे भाव बघता ती भिंत स्वस्त नाही. शिवाय एकदम मोठी रक्कम काढावी लागते, ज्यांचा हप्ता नुकताच सुरू झालाय त्यांनी पहिल्या वर्षी हे करू नये.

जुना_सभासद

कुणीच मुंबई ग्राहक पंचायतीचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. १९७५ पासून हे काम चालू आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ असतो. दर महिन्याला छापील यादीवर आपापली मागणी भरायची, ती एकत्र होते, पंचायत घाऊक खरेदी करते आणि ठरलेल्या दिवशी माल संघातल्या एका घरी येतो. तिथे सभासदच तो आपसात वाटून घेतात. दुकान नाही, काचेच्या कपाटातली आरास नाही, जाहिरात नाही.

मीठमोहरीताईंच्या वादाला याचा थेट उपयोग आहे. यादी घरी बसून, डबे बघून, आधी भरायची असते. समोर चादर नसते, डबे नसतात, चॉकलेट नसतं. जे लिहिलं तेच येतं. माझ्या पत्नीने आणि मी बरीच वर्षं हे केलं, आणि आमच्या घरात किराण्यावरून वाद झाल्याचं मला आठवत नाही. तुमच्या भागात संघ असेल तर चौकशी जरूर करा. डोंबिवलीत या चळवळीला पूर्वीपासून माणसं आहेत.

अडचण एकच, वाटपाच्या दिवशी कुणीतरी घरी असावं लागतं आणि आळीपाळीने काम करावं लागतं. नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्यांना ते जड जातं हे मला दिसतं.

हिंजवडी_फेज_दोन

आमचं भांडण मार्टचं नाही, दहा मिनिटांत आणून देणाऱ्या अ‍ॅपचं आहे. दोघंही आयटीत, लग्नाला थोडेच दिवस झालेत. बायको म्हणते कोथिंबिरीसाठी अ‍ॅप उघडतोस आणि आइसक्रीम घेऊन बंद करतोस. खरं आहे, कारण ठरावीक रकमेच्या खाली मागवलं की घरपोचचे पैसे लागतात, हाताळणीचे वेगळे. ते टाळायला माणूस काहीतरी टाकतोच.

आम्ही एक नियम केला. अ‍ॅपवर वस्तू टाकायच्या पण लगेच मागवायच्या नाहीत, रात्री जेवण झाल्यावर दोघांनी मिळून बघायच्या. निम्म्या वस्तू तेव्हा आपोआप निघतात. भाजी मात्र आता ऑफिसातून येताना रस्त्यावरच्या मावशींकडून.

ओलं_लंडन

इथे ब्रिटनमध्येही मराठी घरांत हेच चालतं. माझी बायको आल्डी आणि लिडल या स्वस्त दुकानांची, मी घराजवळच्या मोठ्या सुपरमार्केटचा, कारण तिथे सगळं एका फेरीत मिळतं. इथली एक गोष्ट खरंच चांगली आहे. मांडणीवर प्रत्येक वस्तूखाली शंभर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव लिहिलेला असतो, त्यामुळे वाद पटकन मिटतो. दुकानाचा स्वतःचा माल आणि नावाजलेला माल शेजारी ठेवून बायकोने मला ओट्स, मीठ, साखर, टोमॅटोचे डबे यांत फरक दाखव म्हटलं. मला दाखवता आला नाही, ते सगळं तिच्या दुकानातून येतं. चहात मात्र मला फरक कळतो, तो मी निवडतो. आणि डाळ-तांदूळ, पोहे, गोडा मसाला यांसाठी आम्ही दोघंही देशी दुकानातच जातो, मोठ्या पिशव्या तिथेच परवडतात.

वस्तूवार वाटणी केली की 'माझं दुकान, तुझं दुकान' राहत नाही, एवढंच सुचवतो.

कर_सल्ला

हिशोब करणारच आहात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पाकिटातल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही. म्हणजे सुटी तूरडाळ आणि पाकिटातली तूरडाळ यांच्या भावात तेवढा फरक मुळातच असतो. सुटा माल चांगला देणारं दुकान जवळ असेल तर ते हातचं सोडू नका.

दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि तूप, लोणी, चीज १२ वरून ५ वर. त्याआधीच्या पावतीशी आजच्या पावतीची तुलना केली तर दुकान बदलल्याशिवायच बचत दिसेल आणि श्रेय चुकीच्या दुकानाला जाईल. दोन्ही पावत्या एकाच महिन्याच्या असू द्या.

गोदामातला

कर_सल्ला यांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्याला जोडून एक मोठं चित्र. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्चाच्या पाहणीत शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला. त्यातला सुमारे ४० टक्के खाण्यापिण्यावर. आणि खाण्यापिण्यात सगळ्यात मोठा वाटा धान्याचा नाही, डाळीचाही नाही. पेयं आणि तयार खाद्यपदार्थ यांचा आहे.

म्हणून तूरडाळ इथून की तिथून यावर रात्री जागवण्यापेक्षा पावतीवर फरसाण, बिस्किटं, शीतपेयं, बाहेरचं मागवलेलं जेवण यांची वेगळी बेरीज करा. दुकान बदलून डाळीत किलोमागे काही रुपये सुटतील. पण तेच दुकान आवळा देऊन कोहळा काढतं तो नाचोजच्या पाकिटात.

केळीचं_पान

मीठमोहरी, तुमचा रविवारचा प्रतिसाद वाचला. तुम्ही लिहिलेलं काम माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. दोन हजारांवर मी ठाम आहे, पण ते कुणी कमवायचे हा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात.

मीठमोहरी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा नवऱ्याला दिला, त्याने सगळा वाचला. मग आम्ही बसलो.

पहिलं काम, त्याने आमच्या नेहमीच्या यादीतल्या वस्तू एका कागदावर लिहिल्या आणि समोर दोन्ही दुकानांचे भाव, किलोने आणि लिटरने. तेल, साखर, साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, चहा यांत मार्ट स्पष्ट स्वस्त निघालं, मला ते मान्य करावंच लागलं. सुटी डाळ, तांदूळ, शेंगदाणे यांत जवळचं दुकान बरोबरीत, काही ठिकाणी स्वस्तही. रिक्षाचं भाडं दोन्ही वेळचं धरलं. यादीबाहेरच्या वस्तू वेगळ्या बेरजेत टाकल्या. सगळं वजा जाता त्याचे दोन हजार नाहीत, पण हजाराच्या आसपास काहीतरी खरं वाचतं. मी म्हणत होते 'काहीच वाचत नाही', तसंही नाही.

मग पिठाची_गिरणी यांचा प्रतिसाद. तो काही वेळ गप्प होता. म्हणाला, "लवकर न संपणाऱ्या आणि न नासणाऱ्या वस्तू मी बघतो. साबण, तेल, साखर, पावडर, सगळं. यादी मी करणार, आणणार मी, लावणार मी." धान्य आणि डाळी आधीच्याच दुकानातून, साबांचा कोलमही. म्हणजे दुकानदाराशी संबंध तुटत नाही, हळदताई, हे मलाही हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र एकमत नाही. तो मुलाला बरोबर नेणार म्हणतो, म्हणजे मला सकाळ मोकळी मिळेल. मला वाटतं मुलगा गेला की चॉकलेट येणारच. तो म्हणतो मुलाला हिशोब शिकायला मिळेल. दोन्ही खरं आहे, आणि यावर आम्ही अजून बोलतोय.

जुना_सभासद काका, आमच्या भागात संघ आहे का याची चौकशी साबा करणार आहेत. त्या वाटपाच्या दिवशी घरी असतात आणि त्यांना माणसं लागतात. त्यांनी स्वतःहून सांगितलं.

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. मार्टला गर्दी कधी कमी असते? रविवार टाळता आला तर बरं.

नऊसतराची_लोकल

पगाराचा पहिला आठवडा आणि सणाच्या आधीचे दिवस सोडा. आठवड्यातल्या मधल्या वारी, रात्री आठनंतर जा, बंद व्हायच्या तासभर आधी. रांग छोटी असते. फक्त पाव, दूध, भाजी त्या वेळी घेऊ नका, ते सकाळचं असतं. तुमच्या यजमानांच्या यादीत ते नाहीच, त्यामुळे अडचण नाही.

पिठाची_गिरणी

मुलाला न्या. जाण्याआधी त्याच्या हातात यादी आणि पेन द्या, आणलेल्या वस्तूवर खूण करायचं काम त्याचं. आमची मुलगी आता किलोचा भाव माझ्याआधी काढते. चॉकलेट एक, आणि ते यादीत आधीच लिहिलेलं.